बाळाच्या पहिल्या अंघोळीचं नेटवर्क कार्ड

मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे, मित्रांनो. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटावरचं छोटं झाकण काढलं तरच मी दिसतो. आगपेटीहून जरासा मोठा, चपटा, हिरवा. अंगावर पत्र्याची चौकोनी टोपी आणि टोपीशेजारी मोहरीएवढ्या दोन सोनेरी खुंट्या. त्या खुंट्यांना एक काळी आणि एक पांढरी अशा दोन वायरी अडकवतात. त्या बिजागरीतून वर जातात आणि पडद्याच्या पाठीमागे दोन्ही कडांना उभ्या राहतात. ते माझे कान. म्हणजे अंग लॅपटॉपच्या पोटात आणि कान पडद्याच्या पाठीला. असं ध्यान तुम्ही दुसरीकडे पाहिलं असेल तर मला जरूर कळवा.

माझं काम निरोप्याचं. तुमच्या घरात दोन शिंगांचं एक खोकं कोपऱ्यात लुकलुकत असेल बघा. ते दिवसभर हवेत बोलत असतं. माणसांना ते ऐकू येत नाही, मला येतं. ते म्हणतं ते मी लॅपटॉपला सांगतो आणि लॅपटॉप म्हणतो ते त्याला. माझ्या पदरचा एक शब्द त्यात नसतो. पण मी तोंड मिटलं की सारं घर माझ्या नावाने बोटं मोडतं.

माझा जन्म एका लांबलचक, लख्ख उजेडाच्या दालनात झाला. तिथे सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या आणि हातांत मोजे. एका बाईने मला एका चौकटीत बसवलं आणि पहिल्यांदाच माझ्या कानांत आवाज शिरला. काय सांगू, मित्रांनो! क्षणभर वाटलं, मी एकटा नाहीच. आजूबाजूची सगळी हवा गप्पा मारतेय. चौकटीवर हिरवा ठिपका लागला, बाई शेजारणीला "हा पण पास" म्हणाली आणि आपल्या लेकाच्या गणिताच्या मार्कांची कहाणी तिने पुढे चालू केली. माझं बारसं एवढंच.

पुढे एका कचेरीतल्या लॅपटॉपमध्ये मी काही वर्षं काढली. तिथला साहेब घरांचे नकाशे काढायचा आणि ते माझ्याकरवी जगभर पाठवायचा. "काय वेगवान लॅपटॉप आहे," लोक म्हणायचे. कौतुक लॅपटॉपचं आणि शिव्या नेटच्या, हा जगाचा न्याय मी तिथेच शिकलो. मग एके दिवशी साहेबांच्या कोपराने कॉफीचा पेला कलंडला. लॅपटॉप जागच्या जागी गेला. मी तेवढा कोरडा राहिलो. मोडक्या लॅपटॉपसकट मला एका दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाकण्यात आलं.

ते दुकान एका बाईंचं होतं. कपाळावर भिंग चढवलेलं, तोंडात लवंग, आणि बोटं अशी की स्क्रू त्यांना बघून आपणहून सैल व्हावेत. बाईंनी मला काढलं, पुसलं आणि एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं. डब्यात माझ्यासारखेच इतर निराधार. कुणाच्या अंगावर धूळ, कुणाचा एक दात तुटलेला. किती दिवस गेले कोण जाणे. डब्याला खिडकी नव्हती.

आणि मग मामा आला.

आता इथे थांबून एक सांगतो. पुढच्या गोष्टीतल्या सगळ्यांना मी एका बाळाच्या नात्याने हाक मारणार आहे. तेव्हा ते बाळ जन्मलंही नव्हतं. पण सगळी धडपड त्याच्यासाठीच होती, तेव्हा नातीही त्याचीच धरावीत हे बरं. तर, बाळाची आई लग्न होऊन दूर परदेशात राहत होती. घरी होते बाळाचे आजी, आजोबा आणि मामा.

मामा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्याला मोटारच वाटायची. त्याने जुना लॅपटॉप घेतला होता. त्याला वायर लावली तरच नेट चालायचं, आणि ती वायर भिंतीपासून जेमतेम मोरीच्या दारापर्यंत पोचायची. आता मोरीच्या दारात बसून कोण गप्पा मारणार?

"बाई, हे कार्ड आमच्या गाडीला बसेल ना?" मामाने विचारलं.

"गाडीला नाही, लॅपटॉपला बसेल," बाई म्हणाल्या. "आणि बसवताना जोर लावू नका. ब्रेक नाही तो."

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर माझी प्रतिष्ठापना झाली. आजोबा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेले. समोर अक्षर आलं की वाचल्याशिवाय राहायचं नाही, असा त्यांचा पिंड. ते माहितीपुस्तिका मोठ्याने वाचत होते आणि मामा एकेक पायरी करत होता.

"'कार्ड तिरके धरून खाचेत सरकवावे. नंतर खाली दाबावे.' दाबलंस?"

"दाबलं, बाबा."

"'काळी वायर एक क्रमांकावर.' अरे, पांढरी घातलीस."

"उजेड कमी आहे."

"चष्मा घे माझा."

मला खाचेत बसवलं, पण लॅपटॉपने मला ओळखलंच नाही. त्यात त्याची चूक नव्हती. वर्गात नवा मुलगा आला की बाई त्याचं नाव सांगतात ना, तशी आमची ओळख करून द्यावी लागते. ती ओळख एका तबकडीवर असते आणि तिला ड्रायव्हर म्हणतात. हे ऐकून मामाची छाती अशी काही फुगली, जणू तबकडीवर त्याचाच फोटो होता. तबकडी फिरली, पडद्यावर माझं नाव उमटलं. मग घरातल्या खोक्याचं नाव निवडलं, आजोबांनी परवलीचा शब्द एकेक अक्षर सांगितला, आणि खोक्याने मला घरातला एक क्रमांक बहाल केला. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला तांदळाएवढा एक दिवा होता. तो निळा झाला.

त्या संध्याकाळी बाळाची आई पडद्यावर दिसली. तेव्हाचे फोन नुसते बोलायचे, दाखवायचे नाहीत. त्यामुळे आजीने लेकीला कित्येक महिन्यांनी पाहिलं. लेक उभी राहिली, बाजूला वळली आणि पोटावर हात ठेवला.

आजी पडद्याजवळ सरकली. म्हणाली, "पाय सुजलेत का गं?"

"आई, एवढ्या लांबून पाय दिसले तुला?"

"चेहऱ्यावर दिसतात."

मित्रांनो, नकाशे मी हजारो पोचवले होते. पण असलं काही पहिल्यांदाच पोचवलं. मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

आजीलाही या यंत्राचं काहीतरी करावं असं वाटलं. तिचं करणं म्हणजे शिवणं. पडदे, गाद्यांच्या खोळी, गिरणीतून आलेले कापडाचे तुकडे यांतच तिचं आयुष्य गेलेलं. घरातल्या रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, गरम पाण्याच्या पिशवीला खोळ. मामा म्हणायचा, "घरात जास्त वेळ एका जागी बसू नये, आपल्यालाही घालेल." लॅपटॉपलाही तिने जाड, मऊ, निळ्या कापडाची खोळ शिवली. तोंडाला चांगलं घट्ट इलॅस्टिक, म्हणजे आत धूळ जायला नको. लॅपटॉप एका बाजूने आत सरकवायचा, त्याच बाजूने ओढून काढायचा. आत इतकं उबदार वाटायचं की काय सांगू. माझ्यासाठी याआधी कुणी काही शिवलं नव्हतं.

मग बाळ आलं. मुलगी. फोन वाजला, आजीने घेतला, "झाली?" एवढंच विचारलं आणि खाली बसली. आजोबांनी पेढे नव्हे, बर्फी नव्हे, घरात होती ती साखरच सगळ्यांच्या तळहातावर ठेवली. माझ्यासमोरही चिमूटभर सांडली.

पण दोन-चार दिवसांतच फोनवरचा आवाज बदलला. बाळाची आई रडत होती. तिला बाळाला अंघोळ घालायची भीती वाटत होती. दवाखान्यातल्या परिचारिकेने एकदा दाखवलं होतं. पण तिचे हात पटपट फिरले आणि संपलं. "निसटेल गं आई. साबण लागला की मासोळीसारखी होते ती. मी नुसती ओल्या कपड्याने पुसते. तू ये ना."

आजीचं येणं होणार नव्हतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी जिना चढायलाही मना केलं होतं. विमानाचं तर नावच नको.

"नाळ पडली का?" आजीने विचारलं.

"पडेल एक-दोन दिवसांत. मग टबात घाला म्हणालेत."

"तर मग येत्या रविवारी. तुमची सकाळ, आमची दुपार. तू तिकडे टब मांड, मी इकडून सांगते. लॅपटॉपवर. तोवर पुसतच राहा, काही बिघडत नाही."

"नक्की ना? तू दिसल्याशिवाय मी पाण्यात घालणार नाही."

"नक्की."

हा शब्द माझ्या जिवावर दिलेला होता, मित्रांनो. मला ते तेव्हाच ठाऊक होतं.

आजी कामाला लागली. नुसतं सांगून कळणार नाही, दाखवायला हवं, म्हणून तिने एक कापडी बाळ शिवलं. पोटात कापूस, पण डोक्यात वाळू भरली, म्हणजे मान खऱ्या बाळासारखी कलंडेल. तोंड काढायचं तिला सुचलं नाही. आजोबा म्हणाले, "हे बाळ तुझ्या भावावर गेलंय. बोलत नाही आणि डोकं जड."

"माझ्या भावाला नावं ठेवू नका. पाणी आणा."

एका मोठ्या स्टीलच्या परातीत कापडी बाळाच्या रोज अंघोळी सुरू झाल्या. ते वाळायला वेळ लागायचा. दोरीवर त्याला पायांनी टांगलेलं बघून शेजारीण दचकली.

शुक्रवारी मामा म्हणाला, "एकदा गाडी सुरू करून बघू." आजीच्या ऑपरेशनच्या गडबडीत खोळ शिवल्यापासून लॅपटॉप उघडलाच गेला नव्हता. त्याने खोळ ओढून काढली, लॅपटॉप उघडला. आणि मी बहिरा.

ठार बहिरा. डब्यातही इतकं शांत नव्हतं. मी जागा होतो, लॅपटॉप मला नावाने हाका मारत होता, पण हवा मुकी झाली होती. आजोबांनी पडद्यावरचं वाचलं, "'एकही नेटवर्क सापडले नाही.'"

मामाने खोकं बंद करून चालू केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. ड्रायव्हर काढून टाकला, परत घातला. झाकण उघडून वायरी दाबून बघितल्या. मित्राला फोन करून माझा क्रमांक हाताने भरला. तो चुकीचा निघाला, म्हणून पुसला. "दिवा तर लागलाय," तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. "दिवा लागलाय म्हणजे इंजीन चालू आहे."

दिवा लागला होता खरा. पण तो निळा नव्हता, नारिंगी होता. पहिल्या दिवशी सगळे लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते. दिव्याचा रंग कोण लक्षात ठेवणार?

शनिवारी सकाळी मामाने लॅपटॉप बाईंच्या दुकानात न्यायचं ठरवलं. आजीने खोळ घरीच ठेवून घेतली. "दुकानात तेलाचे हात लागतील," ती म्हणाली. मामाने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून नेला. बाईंनी भिंग डोळ्यावर ओढलं, लॅपटॉप हातात घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, उघडला, आणि मला धडधडीत ऐकू यायला लागलं. बाईंचं खोकं, शेजारच्या न्हाव्याचं खोकं, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीचं खोकं. आनंदाने मी एकाच वेळी सगळ्यांची नावं पडद्यावर मांडली.

"काय झालंय याला?" बाई म्हणाल्या. "ठणठणीत आहे."

"पण घरी चालत नाही हो."

"मग घराला काहीतरी झालंय."

मामा परतला. आजीने लॅपटॉप पुसला, "दमून आलाय" म्हणून खोळीत घातला. चहा झाला. मामाने खोळ ओढली, लॅपटॉप उघडला.

मी बहिरा.

आजोबांनी वाचायच्या आधीच आजी स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी घासायची नव्हती, तरी भांड्यांचा आवाज येत राहिला.

मामा दुसऱ्यांदा दुकानात गेला. बाईंचा अंगठा फिरला, लॅपटॉप उघडला, मी ठणठणीत. मामाने डोक्याला हात लावला. "मला बघून लाजतो का काय हा?"

बाईंनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "दुकानात सगळीच यंत्रं शहाण्यासारखी वागतात, पाहुण्यांकडे गेलेल्या पोरांसारखी. त्यांचे खरे गुण घरी बघावेत. उद्या तुमचं काम कितीला आहे?"

"दुपारी. माझी भाची पहिल्यांदा पाण्यात उतरणार आहे."

"येते मी जेवण करून."

रविवारी टेबल सजलं. परात, गरम पाणी, दोरीवरून उतरवलेलं कापडी बाळ. आजीने नवी साडी नेसली होती आणि ती पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होती. बाई आल्या, पाणी प्यायल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी कशाला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज करता तसं करा. अगदी तसंच. मी नाहीये असं समजा."

"तुम्ही एवढ्या समोर बसल्यावर कसं समजायचं?" आजोबा म्हणाले.

मामाने कपाटावरून लॅपटॉप आणला. निळी खोळ ओढायला लागला.

"थांबा. हे काय?"

"खोळ. आईने शिवलीय."

"दुकानात कधी दिसली नाही."

"तिथे मळली असती," आजी म्हणाली.

"काकू, शिलाई सुरेख आहे तुमची. पण ही आता अगदी हळू ओढा. तुम्ही ओढा. इलॅस्टिक पुढच्या कडेवरून जाईल तिकडे बघा."

आजीने हळूहळू खोळ ओढली. इलॅस्टिक कडेला घट्ट चिकटून सरकत होतं, आणि वाटेत त्या दिव्याशेजारी नखाएवढं एक बटण होतं. सरकवायचं बटण. मला हवेशी जोडायचं नि तोडायचं ते बटण. माहितीपुस्तिका माझी होती, लॅपटॉपची नव्हती. म्हणून आजोबांच्या वाचनातही ते कधी आलं नव्हतं. इलॅस्टिक बटणापाशी अडलं, बटणाला धरलं आणि आपल्याबरोबर ओढून नेलं. टक.

"म्हणजे काढताना दर वेळी..." मामा म्हणाला.

"दर वेळी बंद," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या अंगठ्याला खोड आहे. लॅपटॉप हातात आला की तो आधी सगळी बटणं चालू करतो. मला कळतसुद्धा नाही. तुमचं इलॅस्टिक बंद करतंय, माझा अंगठा चालू करतोय, आणि मधल्यामध्ये तुमच्या पोराच्या चपला झिजताहेत."

सगळे आजीकडे बघायला लागले. तिचा चेहरा उतरला. "माझ्याच खोळीने माझ्या नातीची वाट अडवली," ती म्हणाली.

"दुर्लक्षाने तर नाही ना बिघडला तो," आजोबा म्हणाले. "मायेच्या उबेनेच बहिरा झाला. कितीतरी माणसं होतात."

आजीने उठून शिवणाच्या डब्यातली कात्री आणली, खोळीची कड मांडीवर घेतली आणि बटणापुरती अर्धचंद्राची खाच कापली. कड दुमडून तिथल्या तिथे टाके घालायला लागली. घड्याळ बघत मामा म्हणाला, "आई, ते नंतर कर." पण हातातलं अर्धं टाकून उठणं तिला जमत नव्हतं. दोरा दाताने तोडून तिने मगच मान वर केली. मामाने बटण सरकवलं. दिवा निळा झाला, आणि माझ्या कानांत सगळी हवा एकदम भरली.

पडद्यावर बाळाची आई दिसली. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं. समोर टब, मागे बाळाचे बाबा टॉवेल हातात धरून, परीक्षेला बसल्यासारखे.

"दिसतेस गं," लेक म्हणाली. "आई, दिसतेस."

"मला काय बघतेस? तिला दाखव."

लेकीने बाळाला वर धरलं. सुरकुतलेलं, लालसर, मुठी आवळलेलं. आजोबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. "मुद्रित निर्दोष," ते पुटपुटले.

"चला," आजी म्हणाली. "कोपर बुडव पाण्यात. हाताला कळत नाही, कोपराला कळतं. कोमट आहे? मग ठीक. आता मी करते तसं कर." तिने कापडी बाळ उचललं आणि परात पुढे ओढली. "मान मनगटावर घे, आणि बोटं पलीकडच्या काखेत. घट्ट नको, पण सोडायची नाहीत. आधी पाय सोड पाण्यात."

आणि तेवढ्यात चित्र थिजलं.

मित्रांनो, पाणी आणि पत्रा या दोघांशी माझं जमत नाही. हवेतलं बोलणं त्यांच्यापाशी येऊन अडतं. आजीने ती पाण्याने भरलेली भलीमोठी परात नेमकी माझ्या आणि खोक्याच्या मध्ये ओढली होती. पडद्यावर बाळाचे पाय पाण्याच्या वर वीतभर अधांतरी राहिले. आवाज तुटक यायला लागला. "आई... दिसत... मी काय..." मी जिवाच्या आकांताने ऐकत होतो, पण दहातला एक शब्द हाती लागत होता.

बाई खुर्चीतून उठल्या. "परात उचला."

"पण मग दाखवू कसं?" आजी म्हणाली.

"दाखवायचं की बोलायचं, एक काय ते ठरवा, काकू."

आजीने क्षणभर कापडी बाळाकडे बघितलं. मग ते मामाच्या हातात दिलं. आजोबांनी परात उचलली. मामा निथळतं बाळ उलटं धरून उभा, आजोबांच्या सदऱ्यावर पाणी, आणि चित्र खळकन मोकळं झालं.

तिकडे बाळाने भोकाड पसरलं होतं. पाय अजून अधांतरीच होते.

"आई, ती रडतेय. मी ठेवून देऊ का तिला?"

आजीचे हात रिकामे होते. तिने ते हवेतच पुढे केले, मनगटावर मान, काखेत बोटं, जणू नात तिच्याच हातात होती. "रडू दे. रडणारं बाळ निसटत नाही, तेच आपल्याला धरून असतं. पाय सोड. हं. आता बूड. हं." आणि मग ती गुणगुणायला लागली. गाणं नव्हतं ते. नुसतंच "हूं... हूं...", घशातल्या घशात, शिवणयंत्र संथ चालतं तसं.

तो आवाज माझ्यातून गेला. खोक्याकडे, भिंतीतून बाहेर, कुठल्या कुठे, आणि त्या दूरच्या न्हाणीघरात जाऊन पोचला. बाळ रडता रडता थांबलं. डोळे उघडून आवाज कुठून येतोय ते शोधायला लागलं.

"तू लहान असताना हेच करायची मी," आजी म्हणाली.

"मला आठवतंय असं वाटतंय."

"एवढीशी होतीस. काही आठवत नाही. पाठीवर पाणी घाल."

लेकीने चुळकाभर पाणी घातलं. मग आणखी. साबण लावला. बाळ मासोळीसारखं झालं खरं, पण बोटं काखेत होती. आजी पुन्हा गुणगुणणार, एवढ्यात तिकडूनच आवाज यायला लागला. बाळाची आई स्वतःच गुणगुणत होती. तेच "हूं... हूं...", थोडं बेसूर, थोडं रडवेलं, मग सरळ. बाळाने तोंडाचा चंबू करून मोठी जांभई दिली.

आजीचे हवेतले हात हळूहळू खाली आले आणि मांडीवर टेकले.

"बोल ना गं," मामा हळूच म्हणाला.

"कशाला?" आजी म्हणाली. "तिला येतंय."

त्यानंतर किती रविवार आले आणि गेले, मित्रांनो. रांगणं, पहिला दात, शाळेचा पहिला गणवेश, सगळं माझ्यातून गेलं. मग फोनच दाखवायला लागले आणि माझं काम कमी झालं. नव्या खोक्यांची भाषा मला नीट कळत नाही. ती भरभर बोलतात, मी सावकाश ऐकतो. गेली काही वर्षं मी कपाटात असतो. वाईट वाटतं का? कधीकधी वाटतं. पण ते बाळ आता तुमच्याएवढं झालंय आणि सुट्टीत इथे येतं. गेल्या सुट्टीत तिने मामाकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, झाकण उघडलं, मऊ ब्रशने माझ्यावरची धूळ झटकली आणि वाकून म्हणाली, "एवढंसंच आहे हे?"

तर माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. यंत्र चालेनासं झालं की त्याला लगेच मोडकं म्हणू नका. आधी त्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवा, दिव्याचा रंग बघा, आपण त्याला रोज कसं धरतो, कसं काढतो, कसं ठेवतो ते आठवा. चहाचा पेला लांब ठेवा. काढलेले स्क्रू वाटीत ठेवा, नाहीतर ते पायात टोचतात आणि पुन्हा मिळत नाहीत. आणि झाकण उघडलंत तर आम्हाला ओरबाडू नका, आमच्या वायरी केसासारख्या बारीक असतात. आम्ही जुनी यंत्रं बोलत नाही. पण तुमच्या माणसांचे आवाज आम्ही इतकी वर्षं अंगाखांद्यावरून नेले आहेत. त्यातला एकही आम्ही आपणहून वाटेत सांडू दिलेला नाही.